थकलेल्या घोड्याची सोय



मराठी भाषेतून घोडा काढून टाकायचा म्हटले, तर आपल्या कितीतरी म्हणी पांगळ्या होतील. उशिरा शहाणपण सुचले की आपण ‘वरातीमागून घोडे’ म्हणतो. रखडलेले काम एकदाचे पार पडले की ‘गंगेत घोडे न्हाले’ म्हणतो. म्हणी शाबूत आहेत; घोडा मात्र आपल्या डोळ्यांआड चालला आहे. २०१२ सालच्या पशुगणनेत देशात सुमारे सव्वासहा लाख घोडे व तट्टे होती. २०१९ साली ती सुमारे ३ लाख ४० हजार उरली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी घट!

आपल्या खानदेशात घोड्याची आवड आटली आहे असे मात्र म्हणता येणार नाही. अमळनेरकरांना सारंगखेड्याची यात्रा काही नवी नाही. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी, शहादे तालुक्यातल्या या गावी घोड्यांचा मोठा बाजार भरतो. कानांची टोके एकमेकांना भिडलेले मारवाडी आणि काठेवाडी घोडे तिथे पाहावेत. शौकीन माणूस घोड्याची चाल बघतो, दात बघून वय ठरवतो, अंगावरचे भोवरे तपासतो. एखादा भोवरा अशुभ मानला गेला, की धडधाकट जनावराचीही किंमत उतरते. भोवरा म्हणजे केसांचे वळण. त्याने घोडा पळायचा थांबत नाही, की धन्याचे घर बुडत नाही. शिक्षक मित्रांनो, मुलांना एवढे जरी पटवून दिलेत, तरी काही जनावरांचे हाल टळतील.

पण बाजारात दिसतो तो उमेदीतला घोडा. ज्याला गिऱ्हाईक नाही, त्याचे काय? घोडा नीट सांभाळला तर पंचवीस-तीस वर्षे जगतो. टांग्याला, वरातीला किंवा ओझ्याला तो एवढी वर्षे उपयोगी पडत नाही. पाय अधू झाला, दृष्टी गेली, की कमाई थांबते. भूक थांबत नाही. बैलासाठी आपण पोळा करतो. घोड्याला दसऱ्याच्या दिवशी झेंडूची माळ मिळते. त्याच्या म्हातारपणाची तजवीज मात्र कोणत्याच सणाने केलेली नाही.

मुंबईचे उदाहरण घ्या. तिथल्या शोभेच्या घोडागाड्या, ज्यांना लोक व्हिक्टोरिया म्हणत, त्या बेकायदा असल्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये दिला आणि वर्षभरात त्या बंद करण्यास सांगितले. जनावरांचे हाल थांबावेत हा त्यामागचा हेतू. पण त्याबरोबर दोन प्रश्न उभे राहिले : गाडीवानाच्या पोटाचे काय, आणि घोड्यांनी जायचे कुठे? सुटका झाली म्हणजे सोय झाली असे नव्हे, बरे का! सोडवलेल्या घोड्याला कुणीतरी दावणीला जागा द्यावी लागते.

कायदा आहे. १९६० सालच्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावराला उपाशी ठेवणे, वाऱ्यावर सोडून देणे हा गुन्हा ठरवला. छळ झालेले जनावर पांजरपोळात पाठवण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना दिला. १९६५ च्या नियमांनी तट्टाच्या पाठीवर ७० किलोहून अधिक ओझे लादण्यास मनाई केली. जिथे पारा ३७ अंशांवर जातो, तिथे दुपारी १२ ते ३ या वेळात जनावर कामाला जुंपू नये, असेही त्यांत सांगितले. आपल्याकडचा वैशाख आठवा, म्हणजे या नियमाचे मोल कळेल. पण या कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड फार तर पन्नास रुपये. तेवढ्यात आज घोड्याची एका दिवसाची वैरण येत नाही! तेव्हा नुसत्या कायद्यावर भिस्त ठेवून भागायचे नाही.

म्हणून माझे सांगणे असे : ज्याच्याकडे जागा, पाणी आणि वैरण आहे, त्याने असा एखादा घोडा दत्तक घेण्याचा विचार करावा. विचार म्हणतो, कारण नुसती दया पुरत नाही. मोठा घोडा दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी पितो. उन्हाळ्यात त्याहून जास्त. त्याचे पोट शरीराच्या मानाने लहान, म्हणून त्याला थोडे थोडे, पण पुष्कळ वेळा खायला लागते. त्याला ओकारी होत नाही. त्यामुळे नासके किंवा भलते खाल्ले, तर पोटशुळाने तो बघता बघता दगावतो. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर कापून घ्यावे लागतात. धनुर्वाताचा धोका त्याला फार, म्हणून त्याची लस चुकवू नये.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. हाडे वर आलेला, उपाशी घोडा घरी आणला, की मायेपोटी त्याच्यापुढे चंदीची पाटी ठेवण्याचा मोह होतो. तसे बिलकूल करू नका! बऱ्याच दिवसांच्या उपासानंतर एकदम दाणा दिला तर जीव जाऊ शकतो. पशुवैद्याच्या सल्ल्याने आधी चांगले वाळके गवत, थोडे थोडे करून द्यावे. दाणा मागाहून, हळूहळू. आणि घरी आणण्यापूर्वी ग्लँडर्स या रोगासाठी रक्त तपासून घ्यावे. हा रोग घोड्यापासून माणसालाही होतो.

एकट्याला खर्च झेपत नसेल, तर चार घरांनी मिळून भार उचलावा. तेही जमत नसेल, तर जवळच्या पांजरपोळातल्या एखाद्या घोड्याच्या वैरणीचा वाटा द्यावा. तोही दत्तकच.

कुणी विचारील, माणसांचे हाल संपत नाहीत, तिथे घोड्याचे काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. पण काम संपलेल्या जिवाशी आपण कसे वागतो, हे घरातली मुले पाहत असतात. आंधळ्या घोडीला रोज पाणी पाजणारा मुलगा उद्या घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही ओझे मानणार नाही, असा माझा भरवसा आहे. उपयोग आहे तोवर तर सारेच सांभाळतात. उपयोग संपल्यावर जो सांभाळतो, त्याच्या प्रेमाला प्रेम म्हणावे.