पोटदुखीचे गणित

हुबळीच्या विद्यानगरातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९५७ साली सुरू झाले. त्याच्या रुग्णालयात धारवाड, गदग, हावेरी या भागांतील खेड्यापाड्यांतून माणसे येतात. नवलगुंदकडचा शेतकरी 'होट्टी ब्यानी' म्हणतो, मराठी घरातील आजीबाई 'बेंबीपाशी मुरडा' म्हणते. कुणाला कळ येते, कुणाला जळजळते, कुणाचे नुसतेच दुखते. या बोलण्यातून रोग ओळखावयाचा. त्यात चूक झाली तर गाठ प्राणांशी असते, कारण फुटू पाहणारे आंत्रपुच्छ दिवसचे दिवस थांबत नाही.

हे काम संगणकाकडून करवून घेण्याचा एक नामांकित प्रयोग इंग्लंडातील लीड्स शहरी झाला. डी डोम्बल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो जुन्या रुग्णांच्या नोंदी संगणकात भरल्या व त्याला थॉमस बेझ याचा संभाव्यतेचा नियम दिला. हा बेझ अठराव्या शतकातील पाद्री. त्याचा नियम त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ साली प्रसिद्ध झाला. धर्मोपदेशकाचे गणित शस्त्रक्रियागृहाच्या दारात उपयोगी पडावे, ही मोठी मौज. नियम तसा सोपा आहे. एखादा रोग त्या गावात किती आढळतो, आणि तो असता अमुक लक्षण किती जणांत दिसते, या आकड्यांचा गुणाकार करीत जावयाचे. दुखणे बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकले, तर आंत्रपुच्छदाहाचे पारडे जड होते. भूक मेली असेल तर आणखी जड.

१९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३०४ रुग्णांत संगणकाचे निदान शेकडा ९१.८ वेळा बरोबर ठरले, तर सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरांचे ७९.६ वेळा. यंत्राने माणसाला हरविले, एवढीच वार्ता लोकांच्या ध्यानात राहिली.

परंतु त्या प्रयोगातील याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. संगणकाला माहिती पुरवावी म्हणून डॉक्टरांना प्रत्येक रुग्णाचा एक ठरीव तक्ता भरावा लागे. दुखणे कोठे सुरू झाले, आता कोठे आहे, कशाने वाढते, उलटी झाली काय, यांपैकी एकही प्रश्न गाळता येत नसे. प्रयोग चालू असता डॉक्टरांचे स्वतःचे निदानही सुधारत गेले. तो संपल्यावर पुन्हा पूर्वपदावर आले. तेव्हा यंत्राच्या श्रेयातील मोठा वाटा त्या साध्या तक्त्याला द्यावयास हवा.

पुढे लीड्सचे आकडे घेऊन हीच प्रणाली कोपनहेगनला वापरून पाहिली, तेव्हा तिची अचूकता बरीच घसरली. दोन्ही शहरे युरोपातली, तरीही असे घडले. मग हुबळीचे काय? लीड्सच्या संगणकापुढे निवडीसाठी सात नावे होती: आंत्रपुच्छदाह, जठरव्रणाचे फुटणे, पित्ताशयाचा वा स्वादुपिंडाचा दाह, आतड्यातील अडथळा, मोठ्या आतड्याच्या फुगवट्यांचा दाह, आणि विशेष कारण न सापडणारी पोटदुखी. आतड्याचा क्षय त्या यादीत नव्हता. विषमज्वराने आतड्यास पडणारे छिद्र नव्हते, अमीबामुळे यकृतात होणारे गळूही नव्हते. क्षयाचा रुग्ण अशा यंत्रापुढे आला, तर ते त्याला सातांपैकी एका खान्यात बसविणार, आणि तेही टक्केवारीनिशी! ज्या रोगाचे नावच शिकविले नाही, त्याबद्दल यंत्राला शंकादेखील येत नाही.

अलीकडच्या प्रणाली लाखो क्ष-किरण छायाचित्रे पाहून स्वतःच शिकतात. मुंबईत २०१६ साली स्थापन झालेल्या 'क्युअर डॉट एआय' या संस्थेची प्रणाली छातीच्या छायाचित्रातून क्षयाची शक्यता सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींच्या क्षयचाचणीत अशा प्रणालींना छायाचित्र वाचणाऱ्या तज्ज्ञाच्या जागी वापरण्यास संमती दिली.

तथापि जुना प्रश्न येथेही सुटलेला नाही. प्रणाली प्रत्येक छायाचित्रास एक आकडा देते. कोणत्या आकड्यापुढे क्षयाचा संशय धरावयाचा, हे माणसांनीच ठरवावे लागते. मर्यादा खाली ठेवली तर निरोगी माणसे थुंकीच्या तपासणीसाठी रांगेत उभी राहतील. वर नेली तर खोकणारा विणकर औषधावाचून घरी परतेल. ही मर्यादा ठिकठिकाणच्या रुग्णांवरून ठरवावी, असे संघटनेचेच सांगणे आहे. हुबळीपुरती ती काढावयाची तर हुबळीतच घेतलेली छायाचित्रे आणि त्याच माणसांच्या थुंकीचे निकाल शेजारी शेजारी ठेवावे लागतील.