भिंतीबाहेरून दिसणारे बंगळूर

(गणेशोत्सवातील छायाचित्र-प्रदर्शनाच्या वेळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



हौशी माणसाचे प्रदर्शन म्हटले की नंदी हिल्सचा सूर्योदय, लालबागेतली फुले, रंगनतिट्टूचे पक्षी, अशी आपली अपेक्षा असते. इथे मात्र भिंतीवर पत्र्याच्या शेड, धुराडी आणि पाण्याच्या टाक्या आहेत. काल एका काकूंनी विचारलेच, "यात बघायचं काय हो?" प्रश्न रास्त आहे.

आज बंगळूर म्हटले की लोकांना संगणक आठवतो. पण या सभागृहातल्या कित्येकांच्या घरातली पहिली पिढी इथे आली ती कारखान्यांच्या भोंग्यामागे. आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने इथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी केली. पुढे १९४८ मध्ये आयटीआय, १९५३ मध्ये एचएमटी, १९५४ मध्ये बीईएल. त्याच्याही कितीतरी आधी, १८८४ मध्ये, गिरणी निघाली होती. बिन्नी मिल म्हणून ती ओळखली गेली. आज तिथे उंच इमारती आणि मॉल आहे. बिन्नीपेट हे नाव तेवढे राहिले.

मी रविवारी पहाटे निघतो. रस्ते मोकळे असतात, एवढेच त्याचे कारण नाही. जुन्या कारखान्यांची छपरे करवतीच्या दातांसारखी असतात, ती आपण पाहिली असतील. त्यांच्या काचा उत्तरेकडे ठेवलेल्या असतात, म्हणजे आत थेट ऊन न येता सारखा उजेड मिळतो. कामगाराच्या डोळ्यांना हे सोयीचे, पण फोटो काढणाऱ्याची पंचाईत, कारण ती बाजू वर्षातला बराच काळ सावलीत. बंगळूर विषुववृत्तापासून तेरा अंशांवर आहे. त्यामुळे एप्रिलच्या शेवटापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेकडून जातो. जूनमध्ये सकाळी ढग नसतील तर त्या काचा अशा उजळतात की विचारू नका! नेमके त्याच दिवसांत ढग असतात, हा भाग वेगळा. जर्मनीतले बर्न्ड आणि हिला बेकर हे पती-पत्नी मात्र मुद्दाम ढगाळ दिवसच निवडत. १९५९ पासून त्यांनी पाण्याच्या टाक्या आणि लोखंडाच्या भट्ट्या समोरून, जराशा उंचावरून टिपल्या, सावलीचे नाटक न करता. मी त्यांचे ऐकतो. समोरच्या घराची गच्ची मिळाली तर उत्तम. घरमालकाला आधी विचारावे, चहाही मिळतो.

(तरुण मित्रांना एक सूचना. संरक्षण खात्याच्या कारखान्यांकडे कॅमेरा वळवू नका. तिथे मनाई आहे, आणि ती पाळायची असते.)

बैयप्पनहळ्ळीला एनजीईएफचा कारखाना आहे. १९६५ मध्ये जर्मनीच्या एईजी कंपनीच्या सहकार्याने तो सुरू झाला. तिथे ट्रान्सफॉर्मर आणि मोटारी बनत. २००२ मध्ये तो बंद पडला. २०११ च्या ऑक्टोबरात पहिली मेट्रो धावली ती याच्याच शेजारून. आत झाडी माजली आहे. असल्या जागांचे फोटो फार देखणे येतात, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. गंज, वेली, फुटक्या काचेतून येणारी तिरीप! बघणारा "वा!" म्हणतो आणि पुढे जातो. ज्याची नोकरी तिथे गेली त्याला त्यात काय दिसत असेल? आपल्यापैकी जे गिरणगावातून आले त्यांना हे सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ चा संप ज्यांच्या घरात शिरला त्यांना बंद गिरणीचे धुराडे सुंदर वाटणे कठीण.

एका बंद कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याने मला अडवले. "याके फोटो, सार?" म्हणजे, फोटो कशाला? तो पूर्वी तिथेच फिटर होता. मी कॅमेऱ्यावर काढलेली चित्रे दाखवली. त्याने नीट पाहिली आणि बोट ठेवून सांगत गेला: ही पेंटशॉप, हे कँटीन, इथे सायकली लावायचो. माझ्या लेखी ती तीन सारखी छपरे होती. तेव्हापासून मी प्रत्येक फोटोमागे जागा, तारीख आणि सांगणाऱ्याने दिलेले नाव लिहितो.

पण हे सगळे भिंतीबाहेरून. आतले फोटो माझ्याकडे नाहीत, आणि आता मिळणारही नाहीत. कारखान्यात कॅमेरा नेता येत नसे. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळांचा विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. १९६१ पासून सिटिझन कंपनीच्या मदतीने इथे घड्याळे होत होती. 'जनता' घड्याळ कुणाच्या घरात नव्हते? जालहळ्ळीला आता एचएमटीचे संग्रहालय आहे, जरूर पाहा. तिथे यंत्रे आणि घड्याळे आहेत. तुमच्या बाबांच्या पाळीतली माणसे मात्र तुमच्या कपाटात आहेत.

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, अनेक कारखाने कुटुंबीयांना आत येऊ देत. झेंडूच्या माळा घातलेल्या लेथपुढे बाबा, नवी साडी नेसलेली आई, कडेवर तुम्ही: असा एखादा फोटो तुमच्या अल्बममध्ये असेल, निवृत्तीच्या दिवशीचा असेल. तो घेऊन या. मी इथेच स्कॅन करून मूळ प्रत लगेच परत देईन. मागे पेन्सिलीने विभाग, वर्ष आणि डावीकडून उजवीकडे नावे लिहा. ती सांगू शकणारी मंडळी आज समोरच्या रांगेत बसली आहेत, त्यांना आजच विचारा.

दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही कोलारला जाणार आहोत. सोन्याच्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या. पिंजरा खाली सोडायचे लोखंडी मनोरे आणि गाळाचे राखाडी डोंगर अजून आहेत. मारिकुप्पमहून रोज हजारो माणसे कामाला बंगळूरला येतात. आपण त्यांच्या गाडीने उलट दिशेने जाऊ. टोपी आणि पाणी बरोबर घ्या. तिथे धूळ फार आहे, लेन्स पुसायला जुने धोतर चालेल. नावे चिटणिसांकडे द्यावीत.