दोन भावंडांची एक खोली

(मंडळाच्या गणेशोत्सवात पालकांसाठी झालेल्या कार्यक्रमातील भाषण)



या व्यासपीठावरून मोठमोठी विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. आम्ही पडलो पदविकावाले सरकारी उपयंत्री. भिंती मोजण्यात वीस-बावीस वर्षे गेली, म्हणून कार्यकर्त्यांनी विषयही मोजमापाचाच दिला : लहान खोलीत दोन मुलांची झोपण्याची सोय कशी करावी?

इंदुरात रामबागेत, नारायण बागेत आपल्यापैकी अनेकांचे बालपण गेले. तेव्हा हा प्रश्न नव्हता. सकाळी गाद्या गुंडाळून कोपऱ्यात रास घातली की झोपायची खोली बसायला मोकळी. आता मुलांना अभ्यासाचे टेबल हवे, कपाट हवे, आणि रोज गाद्या उचलायला सकाळी वेळ कुणाला आहे? म्हणून आपण दुकानात जातो, देखणा पलंग पसंत करतो, आणि घरी आणल्यावर कळते की कपाटाचे दार अर्धेच उघडते. आमचे सांगणे एवढेच की पलंग सर्वांत शेवटी निवडावा. आधी दार, खिडकी, पंखा आणि मुलांच्या सवयी मोजाव्यात.

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ प्रमाणे दोन खोल्यांच्या घरात एक खोली किमान ९.५ चौरस मीटर आणि दुसरी किमान ७.५ चौरस मीटर असावी लागते. या दुसऱ्या खोलीची रुंदी २.१ मीटरपेक्षा कमी चालत नाही. म्हणजे सर्वांत लहान खोली धरली तर साधारण ७ फूट रुंद आणि पावणेबारा फूट लांब. मुलांच्या वाट्याला बहुधा हीच येते.

आता हिशेब पाहू. एकेरी गादी ३ फूट रुंद आणि सहा, सव्वासहा किंवा साडेसहा फूट लांब मिळते. दोन पलंग शेजारी शेजारी लावले तर ७ फुटांत फूटभर वाट उरते, तीही कशीबशी. एकापुढे एक लावले तर सव्वासहाचे दोन मिळून साडेबारा फूट होतात, ते मावतच नाहीत. काटकोनात मात्र जमते. एक पलंग आखूड भिंतीला, दुसरा त्याला लागून लांब भिंतीला. लांब भिंतीचे सव्वानऊ फूट जातात, अडीच फूट टेबलाला उरतात आणि मधे जवळपास ४ फुटांची मोकळी जमीन मिळते. पाहुणे आले तर तिथे एक गादी पडते.

आता सगळ्यांच्या मनातली गोष्ट, दुमजली पलंग. मुलांना तो फार आवडतो. पण आपल्या घरात छताला पंखा असतो. नेहमीचा पंखा ४८ इंचांचा, म्हणजे मध्यापासून पात्याच्या टोकापर्यंत २ फूट. ७ फूट रुंद खोलीच्या मधोमध तो असेल तर टोक भिंतीपासून दीड फुटावर येते आणि वरचा पलंग असतो ३ फूट रुंद. छत ९ फुटांचे धरले तर पाती ८ फुटांवर फिरतात. वरची गादी ५ फुटांवर असेल, तर त्यावर उठून बसलेल्या दहा वर्षांच्या मुलाचे डोके सव्वासात फुटांच्या वर जाते. झोपेत हात वर केला तर? दुमजली पलंग घ्यायचाच असेल तर छताचा पंखा काढून भिंतीवरचा लावावा. वरच्या गादीभोवतीचा कठडा गादीच्या वर किमान ५ इंच हवा आणि सहा वर्षांखालचे मूल वर झोपवू नये.

खालून ओढायचा पलंग घेणार असाल तर त्यापुढची ३ फूट जमीन रोज रात्री मोकळी लागेल. पेटीचा पलंग रजयांसाठी उत्तम, पण झाकण जड असते, लहान मुलांच्या हाती देऊ नये. कूलरच्या खिडकीला पलंग चिकटवू नये. उंच कपाट भिंतीला स्क्रूने पक्के करावे.

आमच्या क्वार्टरमधली मुलांची खोली याच मापाची. मुलगी दहावीत, मुलगा पाचवीत. ती रात्री अकरापर्यंत वाचते, त्याला साडेनवाला झोप येते. सुताराला बोलावण्याआधी आम्ही दोघांनाही विचारले, तुम्हाला काय हवे? मुलगी म्हणाली, कुलूप लागेल असा एक खण. मुलगा म्हणाला, डोके ताईच्या बाजूला. पलंगाबद्दल कुणी काहीच बोलले नाही. मग काटकोनाच्या कोपऱ्यात दोघांच्या उशा आणल्या आणि मधे उंच फळी घातली, म्हणजे तिच्या दिव्याचा उजेड त्याच्या डोळ्यांवर येत नाही. झोपताना तो फळीवर दोनदा टकटक करतो, ती आतून एकदा करते. भांडण झाले असेल त्या रात्री ती करत नाही, आणि तो बराच वेळ जागा असतो.

मुलगा-मुलगी एका खोलीत असतील तर पडद्याचा दांडा आधीच लावून घ्या. तो मागायची वेळ मुलीवर येऊ देऊ नका. आणि दोन्ही पलंग सुटे, एकाच मापाचे, नटबोल्टने जुळणारे करून घ्या. आमची तर बदलीची नोकरी. शिवाय वर्षा-दोन वर्षांत मुलाचा पलंग बैठकीत जाईल, पुढे मुलगी शिकायला बाहेर पडेल. भावंडांनी एका खोलीत झोपायची वर्षे तशी थोडीच असतात. तेवढी त्यांना अवघडल्यावाचून जावीत, यासाठीच ही सगळी मोजामोज.

आरतीची वेळ होत आली. कुणाला आपल्या खोलीचा नकाशा काढून हवा असेल तर खोलीची लांबी, रुंदी, दार-खिडकीच्या जागा आणि पंख्याची उंची कागदावर लिहून आणा. विसर्जनापर्यंत आम्ही रोज संध्याकाळी मंडपातच आहोत.

गणपतीबाप्पा मोरया!