श्वासमार्गाची झाडलोट आणि तिचे चित्रण



गावातील गटारे वाहती असली म्हणजे त्यांची कोणी दखल घेत नाही. ती तुंबली की मगच त्यांची आठवण होते. मानवी फुप्फुसांचेही तसेच आहे. मनुष्य दिवसाकाठी सुमारे १०,००० लिटर हवा आत घेतो. तिच्याबरोबर धूळ, धूर आणि रोगजंतूही आत जातात. तरीही फुप्फुसे बव्हंशी स्वच्छ राहतात, कारण तेथे अहोरात्र झाडलोट चालू असते.

श्वासनलिकांच्या अस्तरावर कफाचा पातळ थर असतो. आत आलेला कचरा त्याला चिकटतो. त्या थराखाली केसासारखे अतिसूक्ष्म तंतू असतात. शास्त्रीय परिभाषेत त्यांना पक्ष्माभिका म्हणतात. एका तंतूची लांबी मिलिमीटरच्या सुमारे १५० व्या भागाएवढी असते. एकेका पेशीवर असे सुमारे २०० तंतू असून ते सेकंदाला १० ते १५ वेळा एका लयीत हलतात व कफ घशाकडे ढकलतात. तेथे तो नकळत गिळला जातो. तंतूंची गती मंदावली किंवा कफ दाट व चिकट झाला, की हा प्रवाह तुंबतो आणि जंतूंना आसरा मिळतो.

हे कार्य जिवंत माणसात मोजावयाचे कसे? त्यासाठी गॅमा कॅमेऱ्याचा उपयोग झाला. टेक्नेशियम या किरणोत्सर्गी द्रव्याचे अत्यल्प प्रमाणातील तुषार रुग्णाला श्वासावाटे दिले जातात आणि ते फुप्फुसातून किती वेगाने बाहेर पडतात, याची चित्रे घेतली जातात. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक विकारात कफ अतिशय चिकट होतो. समुद्राच्या लाटांवर फळीने स्वार होणाऱ्या रुग्णांची प्रकृती बरी राहते, असे ऑस्ट्रेलियात आढळले होते. तो धागा पकडून ७ टक्के मिठाच्या पाण्याचे तुषार हुंगण्याचा प्रयोग झाला. त्यामुळे कफ निघून जाण्याचा वेग वाढतो व हा परिणाम कित्येक तास टिकतो, हे अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना येथील संशोधकांनी २००६ साली अशाच चित्रणातून दाखवून दिले. या उपचाराने काही रुग्णांच्या श्वासनलिका आकसू शकतात. म्हणून तो वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावयाचा असतो.

पुढचा टप्पा सीटी स्कॅनचा. २०१८ साली अमेरिकेत दम्याच्या १४६ रुग्णांची अशी चित्रे तपासण्यात आली. त्यांपैकी ५८ टक्के रुग्णांच्या फुप्फुसात निदान एका ठिकाणी तरी कफाचे बूच बसलेले आढळले. ज्यांच्यात अशी बुचे अधिक, त्यांची श्वास सोडण्याची क्षमता कमी होती. २०२३ साली सी.ओ.पी.डी. या श्वासमार्गाच्या दीर्घकालीन विकाराच्या ४,३६३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे सर्व धूम्रपान करणारे किंवा पूर्वी केलेले होते. सुमारे साडेनऊ वर्षांच्या काळात, बुचे नसलेल्यांपैकी ३४ टक्के रुग्ण दगावले. फुप्फुसाच्या तीन वा अधिक भागांत बुचे असलेल्यांत हेच प्रमाण ५४ टक्के होते. बुचांमुळेच मृत्यू ओढवला, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. तथापि दोहोंचा संबंध दुर्लक्षिता येणार नाही.

या संशोधनातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की बुचे असूनही काही रुग्णांना खोकला वा बेडका यांचा त्रास नव्हता. खोकला नाही म्हणजे श्वासमार्ग मोकळा आहे, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

याचा अर्थ प्रत्येकाने सीटी स्कॅन करून घ्यावा असा नव्हे. त्यात क्ष-किरणांचा मारा होतो व खर्चही असतो. जिना चढताना किंवा शेतातून परतताना धाप लागत असेल, तर ती वयावर न ढकलता फुंकणीची साधी तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घेणे हे पहिले पाऊल होय.

तंबाखूच्या धुराने श्वासमार्गातील तंतू आखूड व दुबळे होतात. परंतु विडी न ओढणारेही या विकारापासून मुक्त नाहीत. पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये याकडे लक्ष वेधले आणि लाकूडफाटा व शेणी यांच्या धुराला प्रमुख कारणांत स्थान दिले. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून घरोघरी गॅस आला. पण सिलिंडर संपल्यावर जेथे चूल पुन्हा पेटते, तेथे धूरही परत येतो. ग्रामपंचायतीने गावात अशी घरे किती आहेत हे पाहावे, शिक्षकांनी मुलांमार्फत हा विषय घरापर्यंत पोहोचवावा आणि धाप लागणाऱ्या गृहिणीला आरोग्य केंद्रापर्यंत न्यावे. फुप्फुसातील झाडलोट निसर्ग करतोच. तिच्यावर धुराचा भार न टाकणे हे मात्र माणसाच्या हाती आहे.