२७०० उष्मांक : मागणीतले आणि ताटातले



उमरेडच्या या वसंत व्याख्यानमालेचे आमंत्रण घेऊन चिटणीस आले तेव्हा त्यांनी विषयाचा आग्रह धरला नाही. आम्ही बोनसवर किंवा ठेकेदारीवर बोलू अशी त्यांची समजूत असावी. आज आम्ही बोलणार आहोत ते वजन उतरविण्यासाठी माणसाने दिवसाला किती उष्मांक खावेत, यावर. हे ऐकून मागच्या रांगेतले आमचे काही सोबती हसले. त्यांचे हसणे रास्त आहे. दोन वर्षांपूर्वी आमचे वजन ८४ किलो होते, उंची १६५ सेंटिमीटर आणि वय ५४. मोर्चाच्या पुढे चालताना आमच्या आधी आमचे पोट चालत असे.

तथापि हा विषय आमच्या धंद्याबाहेरचा नाही. आमचे शिक्षण नववीत सुटले. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून. ज्याला इंग्रजीत कॅलरी म्हणतात तो उष्मांक आम्ही डॉक्टरांकडून शिकलो नाही, तो वेतनाच्या मागणीपत्रातून शिकलो. १९५७ सालच्या जुलैत नवी दिल्लीला पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली. किमान वेतन कशावरून ठरवावे, याची कसोटी त्या परिषदेने घालून दिली. मिळविता पुरुष एक, त्याची पत्नी ०.८, दोन मुले प्रत्येकी ०.६, असे मिळून कुटुंबाचे तीन घटक धरावेत. माणशी वर्षाला १८ वार कापड धरावे. घरभाडे, जळण, दिवाबत्ती धरावी. आणि अन्न धरावे ते डॉ. ॲक्रॉइड यांच्या प्रमाणाने. हे ॲक्रॉइड कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेचे संचालक होते. मध्यम श्रमाच्या प्रौढ माणसाला दिवसाला २७०० उष्मांक, हा आकडा तिथून आमच्या मागणीपत्रांत आला आणि पुढे वर्षानुवर्षे तिथेच राहिला. २०१९ साली डॉ. अनुप सत्पथी यांच्या समितीने २४०० उष्मांक धरावेत असे सुचविले, तेव्हा आम्हीही द्वारसभेत आवाज चढविला होता. २७०० ही आमच्या लेखी केवळ संख्या नव्हती. तो आमचा हक्क होता.

हा हक्क मागता मागता आम्ही तो स्वतः खात होतो, हे मात्र कित्येक वर्षे आमच्या ध्यानात आले नाही. आणि खात होतो कुठे? कचेरीतल्या खुर्चीवर बसून! त्या आकड्याआधीचे ‘मध्यम श्रमाच्या’ हे दोन शब्द आम्ही सोयीस्करपणे गाळले होते. आमचेच काय, आमच्या अर्ध्या सभासदांचेही तसेच झाले आहे. पूर्वी खाणीत कुदळ, फावडे आणि डोक्यावरची टोपली असे. आज इथल्या उघड्या खाणींत शावेल भरते आणि डंपर वाहतो. चालक आठ तास बसून असतो. त्याचे काम जोखमीचे आहे, डोळ्यांत तेल घालून करायचे आहे, पण त्यात हातापायांचा श्रम थोडा. अंगमेहनत गेली, ते चांगलेच झाले. जेवण मात्र मेहनतीच्या काळातलेच राहिले.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली जे आकडे दिले ते पाहा. ६५ किलो वजनाच्या पुरुषाला बैठ्या कामात २११० उष्मांक, मध्यम श्रमात २७१० आणि जड श्रमात ३४७०. ५५ किलो वजनाच्या स्त्रीला अनुक्रमे १६६०, २१३० आणि २७२०. म्हणजे बसून काम करणारा आणि ओझी वाहणारा, यांच्या ताटांत १३६० उष्मांकांचे अंतर. दुसऱ्याच्या कामाचा आकडा आपल्या ताटाला लावला की घोटाळा सुरू होतो.

आता स्वतःचा आकडा कसा काढावा ते सांगतो. १९९० साली अमेरिकेत मिफ्लिन आणि सेंट जिओर यांनी बांधलेले सूत्र आज सर्वत्र चालते. किलोतल्या वजनाला १० ने गुणावे, सेंटिमीटरमधल्या उंचीला ६.२५ ने गुणावे आणि दोहोंची बेरीज करावी. त्यातून वयाची पाचपट वजा करावी. मग पुरुषाने ५ मिळवावेत, स्त्रीने १६१ वजा करावेत. आमचे असे झाले : ८४० अधिक १०३१, त्यातून २७० गेले, वर ५, उत्तर १६०६. नुसते पडून राहिलो तरी श्वास, हृदय, मेंदू, यकृत यांचा हा रोजचा खर्च. हालचालीचा खर्च यावर चढवायचा. बैठ्या माणसाने १.२ ने गुणावे, थोडे चालणाऱ्याने १.३७५ ने. आम्ही स्वतःला बैठे धरले. उत्तर आले १९२८. त्यातून ५०० वजा केले आणि वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘१४३०’.

पाचशेच का, असे कोणी विचारील. एक किलो चरबीत सुमारे ७७०० उष्मांक साठलेले असतात असा ठोकळा हिशेब आहे. रोज ५०० ची तूट म्हणजे आठवड्याला ३५००, अर्थात अर्ध्या किलोच्या आतबाहेर. एवढी तूट अंगाला सोसते. याहून घाई करणाऱ्याची चरबीबरोबर मांसपेशीही झिजते आणि चार महिन्यांनी त्याचे वजन व्याजासकट परत येते, हे आम्ही आमच्या ओळखीत पाहिले आहे.

तीन आठवडे आम्ही वही लिहिली. वहीत रोज चौदाशेच्या आसपास बेरीज होई आणि काटा मात्र ८४ वर ठाण मांडून बसला. आम्ही सूत्राला दोष दिला, काट्याला दोष दिला. शेवटी सौभाग्यवतींनी वही मागून घेतली, पाने चाळली आणि म्हणाल्या, “तुमची वही खोटी बोलून राहिली. यात चहा कुठी आहे?”

चहा नव्हता! आमच्या धंद्यात चहा हे खाणे मानीतच नाहीत. कचेरीत सभासद आला की चहा, व्यवस्थापनाकडे बोलणी लावली की चहा, फिसकटली की टपरीवर पुन्हा चहा. दोन चमचे साखरेचे ४० उष्मांक आणि दुधाचे ३०, म्हणजे कपाला ७०. दिवसाला सहा कप, म्हणजे ४२०. मग त्यांनी किराण्याचे बिल पुढे केले. आम्ही घरात चार माणसे, महिन्याला तेल पाच किलो. पाच हजार ग्रॅमला चाराने आणि तीस दिवसांनी भागले की माणशी रोज ४२ ग्रॅमच्या आत तेल पडते. तेलाच्या एका ग्रॅमला ९ उष्मांक, म्हणजे रोजचे ३७५. आम्ही भाजी लिहीत होतो, पण भाजीवरची तर्री लिहीत नव्हतो.

चौदाशेत हे ७९५ मिळविले की होतात २१९५. काटा हलला नाही, कारण जेवढे खर्च होत होते तेवढेच पोटात जात होते. आणि गंमत पाहा, १६०६ ला १.३७५ ने गुणले तर २२०९ येतात! म्हणजे गेटोगेट फिरणारे आम्ही अगदी बैठे नव्हतो. सूत्रातला दुसरा गुणक आमचा होता. म्हणून आमचे सांगणे असे की सूत्र हा अंदाज समजावा. खरा आकडा दोन-तीन आठवड्यांची प्रामाणिक वही आणि काटा मिळून सांगतात. व्यवस्थापनाच्या ताळेबंदात दडवलेला खर्च शोधण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला स्वतःच्या वहीतला सापडू नये, याची आम्हांला आजही लाज वाटते.

मग १७०० चे अंदाजपत्रक केले. चहा सहाऐवजी तीन कप आणि तोही बिनसाखरेचा. ४२० चे ९० झाले. तेल पाच किलोंवरून तीनवर आणले. माणशी ३७५ चे २२५ झाले. ३३० आणि १५० मिळून ४८० वाचले. भाकर, वरण, भात जागच्या जागी राहिले. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी तेवढी जपून खाऊ लागलो, कारण तो उपास कसला, ती दुप्पट खाशी!

याच ठिकाणी आमच्या जिल्ह्यातल्या एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. काटोलकडचे डॉ. श्रीकांत जिचकार हे दिवसातून दोनदाच जेवा असे सांगत. ते २००४ साली अपघातात गेले; पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तोच विचार पंचावन्न मिनिटांच्या नियमासह गावोगाव नेला. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर थोडे थोडे, वेळेवर आणि आपल्या मातीतले खा असे सांगतात. घराघरांत यावरून दोन तट पडले. इन्शुलिनची मीमांसा आम्हांला झेपणारी नाही. पण दोन वेळा जेवणाऱ्याचा मधला चहा, बिस्कीट आणि आलुबोंडा आपोआप बंद होतो, आणि बेरीज घटते. आमच्या मते निम्मे रहस्य यातच आहे. ज्याला जो नियम पाळता येतो त्याने तो पाळावा.

पाच महिन्यांत हिशेबाने आमचे नऊ किलो उतरायला हवे होते. उतरले सहा. हा काट्याचा दोष नव्हे. अंग हलके झाले की त्याचा खर्चही घटतो. ७८ किलोला तेच सूत्र लावले तर आमचा खर्च दिवसाला ८० उष्मांकांनी कमी भरतो. शिवाय कमी खाल्ले की शरीर आपण होऊन काटकसर करते. केविन हॉल यांनी २०११ साली हे गणित मांडून दाखविले आणि सरळ भागाकाराने वजन उतरत नसते हे सिद्ध केले. उरलेला वाटा लग्नसराईचा. त्याबद्दल आम्ही कोणाही शास्त्रज्ञाला जबाबदार धरत नाही.

आता जी गोष्ट सांगायची ती सांगताना जड जाते. पहिले १४३० आम्ही वहीत लिहिले, तेव्हा उत्साहाच्या भरात गेटवरही सांगून टाकले, “चौदाशे खा, वजन उतरेल.” आमचे एक सोबती डंपर चालवतात. त्यांना मधुमेह आहे, साखर उतरविणारी गोळी चालू होती. त्यांनी आमचा आकडा उचलला, त्याहूनही थोडा कमी केला, आणि गोळी मात्र पूर्वीचीच ठेवली. नवव्या दिवशी रात्रपाळीत भरलेला डंपर चढावर असताना त्यांना दरदरून घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्ध हरपण्यापूर्वी त्यांनी गाडी कडेला लावून ब्रेक ओढला, म्हणून ते आज या सभागृहात आहेत. दवाखान्यात त्यांची रक्तातील साखर अतिशय खाली आलेली निघाली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते एवढेच म्हणाले, “भाऊ, तुम्हीच तं सांगितलं होतं ना चौदाशे.”

आम्हांला उत्तर सुचले नाही. ५४ वर्षांच्या, ८४ किलोंच्या, खुर्चीवरल्या माणसाचा, तोही चुकीचा काढलेला आकडा आम्ही उंची, वय, काम, आजार काही न विचारता दुसऱ्याच्या ताटात टाकला होता. इन्शुलिन घेणाऱ्याने किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने जेवण घटविण्याआधी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा तपासून घेतलीच पाहिजे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी तर या फंदात पडूच नये. आमच्या सोबत्यांची गोळी डॉक्टरांनी बदलली. आता ते आपल्या आकड्याने, आमच्याहून सावकाश, वजन उतरवीत आहेत.

वरून बारीक दिसणाऱ्यानेही निर्धास्त राहू नये. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांची छायाचित्रे २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये शेजारी शेजारी छापून आली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे, निर्देशांक २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! म्हणून आपल्याकडे काट्याबरोबर शिंप्याची फीतही लागते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या आत असावी असे मानतात. आमची अजून आत यायची आहे.

आणि ज्यांना कमी खा असे सांगणे हाच अपराध होईल, अशीही माणसे याच गावात आहेत. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढ बायांपैकी सुमारे पाचातली एक हाडकुळी निघाली आणि जवळजवळ चौथा हिस्सा स्थूल निघाला. वीटभट्टीवर विटा वाहणाऱ्या बाईला २७२० उष्मांक हवेत. ती सर्वांना वाढून उरेल ते खाते. ठेकेदाराच्या हजेरीवरला हमाल दुपारी दोन आलुबोंडे आणि एका चहावर काढतो. त्यांच्यासाठी २७०० ची मागणी आम्ही सोडलेली नाही, सोडणार नाही. आमची वही निराळी आणि मागणीपत्र निराळे.

व्यायामाचे काय, असे प्रश्नोत्तरांत विचारणार असाल तर आताच सांगतो. आमच्या वजनाच्या माणसाने अर्धा तास झपझप चालले तर सव्वाशे ते दीडशे उष्मांक खर्च होतात. चालण्याने साखर, रक्तदाब, झोप सुधारते, म्हणून चालावेच. पण चालून आल्यावर टपरीवर दोन गोड चहा घेतले की तो हिशेब तिथेच फिटतो. सभेनंतर बाहेर चहाची सोय आहे असे चिटणिसांनी सांगितले आहे. आमचा कप त्यांनी बिनसाखरेचा ठेवला आहे, आणि घरी गेल्यावर तोही ३० म्हणून लिहायचा आहे.