जंगलातली पायवाट, सायकल आणि आपण एकटे

आज आपण बोलणार आहोत माउंटन बाइकिंगबद्दल, आणि तेही एकट्याने.

एकट्याने ट्रेलवर जातो म्हटलं की दोन प्रश्न हमखास येतात. मित्र विचारतात, "कंटाळा नाही येत?" आणि आई विचारते, "पडलास तर?" मला विचाराल तर दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. ते काय, ते सांगतो.

आधी थोडी गंमत ऐका. हा खेळ रुजला तो कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, 1970च्या दशकात. काही मित्र जुन्या, जड सायकली डोंगरावर न्यायचे आणि मातीच्या रस्त्याने सुसाट खाली यायचे. ऑक्टोबर 1976 मध्ये त्यांनी तिथे शर्यत लावली. नाव पडलं 'रिपॅक'. कारण उतारावर मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि खाली आल्यावर ते पुन्हा भरावं लागायचं! आता यातली माझी आवडती गोष्ट सांगू? वर जायची सगळी टोळी, पण उतारावर सुटायचे एकेक जण, थोड्या थोड्या अंतराने. म्हणजे तो उतार प्रत्येकाने एकट्यानेच उतरायचा.

आता आपल्याकडे येऊ. पुण्यातली वेताळ टेकडी घ्या. समुद्रसपाटीपासून साधारण 800 मीटर उंच. शहराच्या मधोमध, पण आत शिरलं की गिरिपुष्पाची झाडं, मुरूम, मध्येच डोकं वर काढणारा काळा दगड आणि कुठूनतरी येणारा मोराचा आवाज. ग्रुपमध्ये असलो की आपण पुढच्याचं मागचं चाक बघत चालवतो. तो वळला की आपण वळतो. तो उतरला नाही, तर आपणही उतरत नाही, कारण इज्जतीचा प्रश्न!

एकटं असलं की हे सगळं गळून पडतं. समोर दगड आहे, डावीकडून जायचं की उजवीकडून? चढ आहे, गिअर आत्ता हलका करायचा की दोन पॅडल थांबून? हे सतत चालू असतं. त्यात एक मजेशीर नियम आहे. नजर जिथे जाते, सायकल तिथे जाते. दगडाकडे टक लावून बघितलंत तर दगडावरच जाणार. म्हणून दगडाशेजारच्या वाटेकडे बघायचं. अशी वीस मिनिटं चालवली की डोक्यातलं ऑफिस, रिझल्ट, न आलेला रिप्लाय, काहीच उरत नाही. लक्ष द्यायला जागाच नसते. कंटाळा येणार कुठून?

आणि आता आईचा प्रश्न. एकट्याने जाताना सगळ्यात मोठं स्वातंत्र्य कुठलं माहितीये? सायकलवरून उतरण्याचं. उतार भीतीदायक वाटला, उतरा, हातात धरून चाला. बघायला कुणी नाही, हसायला कुणी नाही. मी तर म्हणेन, ज्याला वेळेवर उतरता येतं त्यानेच एकटं जावं. प्रत्येक निर्णय आपला असतो, म्हणूनच मजा येते. आणि तोच निर्णय नीट घेतला तर आपण धड घरी येतो. झालं ना दोन्हींचं उत्तर एकच?

आता कामाच्या गोष्टी. कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत परत येणार, हे घरी एकाला तरी सांगा. नकाशा आधीच डाउनलोड करा, दरीत रेंज जाते. फोन पूर्ण चार्ज, आणि 112 हा नंबर लक्षात. हेल्मेट, जास्तीची ट्यूब, छोटा पंप, पाणी. मुरमावर ब्रेक वळणाच्या आधी दाबा, वळणात नाही. पावसाळ्यात दगडावर शेवाळ धरतं, तेव्हा ओळखीची वाटसुद्धा नवखी समजा. सुरुवात करायची तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. आणि पहिल्यांदा एकट्याने जाताना अशीच वाट निवडा, जी तुम्ही आधी कुणाबरोबर तरी केली आहे.

आणखी एक. आपण एकटे असतो, वाट एकट्याची नसते. टेकडीवर सकाळी आजी-आजोबा फिरायला येतात. सायकलचा आवाज होत नाही, त्यामुळे ते दचकतात. लांबूनच घंटी वाजवा, वेग कमी करा, त्यांना आधी जाऊ द्या. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरू नका, तो कायदा आहे. आणि जिथे बिबट्याचा वावर आहे तिथे पहाटे किंवा संध्याकाळी अंधार पडताना जाऊ नका. ती त्याची वेळ आहे.

आणि हो, ट्रेलवर इअरफोन खिशात ठेवायचे. आमचा पॉडकास्टसुद्धा बंद! मागून कोण येतंय, झाडीत काय हललं, चेन नीट फिरतेय का, हे सगळं कानच सांगतात. आम्हाला परत येताना ऐका.

या रविवारी जमलं तर जाऊन या. तुमची आवडती वाट कुठली, तेही आम्हाला कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत हेल्मेट घाला, आणि आईला सांगून जा!