दूरची फारसी, जवळची निहाली



दोन भाषांची तुलना करायची म्हटले की आपण प्रथम शब्द पाहतो. शब्द सारखे दिसले की त्या भाषा एकमेकींच्या नात्यातल्या, असे ठरवून मोकळे होतो. हा समज किती अपुरा आहे, हे पाहायला आपल्याला बुलढाणा जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही.

आपल्या इकडचा शेतकरी स्वतःला कास्तकार म्हणवतो. हा शब्द फारसी. त्याची जमीन फारसी, त्याचा हंगाम फारसी, त्याचा मजूर आणि बाजारही फारसी. खरीप, रब्बी आणि तहसील हे मूळचे अरबी. पण तेही आले फारसीच्याच वाटेने. इमादशाही, निजामशाही, मोगल आणि पुढे हैदराबादचा निजाम अशा राजवटी वऱ्हाडाने पाहिल्या. १८५३ साली हा मुलूख इंग्रजांच्या हाती गेला, पण शब्द काही गेले नाहीत. फारसीचा हा भार कमी करण्यासाठी शिवाजीमहाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला होता. माधव जूलियन यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोशच सिद्ध केला.

पण गंमत पुढेच आहे. फारसी ही मराठीची दूरची नातलग आहे खरी. मात्र ते नाते या उसन्या शब्दांनी सिद्ध होत नाही. उसने कोणीही कोणाकडूनही आणतो. नाते पाहायचे ते अंक, सर्वनामे, शरीराचे अवयव, आग-पाणी अशा घरगुती शब्दांत. आपण दोन, पाच, दहा म्हणतो; इराणी माणूस दो, पंज, दह म्हणतो. संस्कृतातील सप्त तिकडे हफ्त होतो आणि मास तिकडे माह होतो. स चा ह होणे हा तिथला नियमच आहे. फारसीत पाण्याला आब म्हणतात; तो आणि संस्कृतातील आप् हे एकाच मुळाचे. चश्म म्हणजे डोळा, आणि तो आपल्या चक्षूचा भाऊ. म्हणजे नाकावर चष्मा चढवताना आपण एका नातलगाकडूनच उसने घेतलेले असते!

साखरखेर्डा गावाचीच गोष्ट पाहा. १७२४ साली तेथे निजामुल्मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला आणि गावाचे नाव फतेखेर्डा ठेवले. जुन्या दफ्तरांत हे गाव शकरखेडला म्हणून येते. ही फारसी शकर तरी कुठची? ती आपल्याच शर्करेपासून तिकडे गेलेली. लोकांनी फत्ते विसरून साखर तेवढी ठेवली.

आता त्याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला चला. जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, सोनबर्डी, कुवरदेव अशा गावांतून निहाल लोक राहतात. त्यांची बोली निहाली. ती बोलणारे दोन ते अडीच हजारांच्या आसपास. शेजारी कोरकू आहेत. त्यांची भाषा मुंडा कुळातली, संथाळी आणि मुंडारी यांच्या घराण्यातली. पाण्याला कोरकू ‘डा’ म्हणतो, निहाल ‘जोप्पो’ म्हणतो. डोळ्याला कोरकू ‘मेद’ म्हणतो, निहाल ‘जिकि’. निहालीत रक्त म्हणजे ‘चोर्टो’ आणि अंडे म्हणजे ‘कालेन’. हे शब्द ना मराठीशी जुळतात, ना कोरकूशी, ना तेलुगू-कन्नडशी.

याचा अर्थ निहालीने उसने घेतले नाही असा मुळीच नाही. तिने तर हात मोकळा सोडून घेतले आहे. कोरकू शब्द तिच्यात ढीगभर आहेत. दोन, तीन, चार यांना ती इरार, मोथो, नालो म्हणते. हे वळण द्राविडी. पाच मात्र आपल्याच बाजूचे. ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीच्या १९०६ सालच्या खंडात तिला कोरकूच्या शेजारी बसवले होते. पुढे सुधिभूषण भट्टाचार्य यांनी १९५७ साली तिची टिपणे प्रसिद्ध केली आणि डच पंडित कायपर यांनी १९६२ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. शब्दसंग्रहाचा सुमारे चौथा हिस्सा हिंदुस्थानातल्या कोणत्याच भाषेशी जुळत नाही, असे त्यांना आढळले. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने २०१४ साली नागराज यांचे निहाली व्याकरण आणि शब्दसंग्रह छापला. आजवर तिचा सख्खा नातलग सापडलेला नाही. हजारो मैलांवरची फारसी आपली नातलग, आणि आपल्याच जिल्ह्यातली निहाली मात्र सगळ्या जगात एकटी!

कोणी म्हणेल, इतके उसने घेतले म्हणूनच ती क्षीण झाली. या प्रश्नाला दूरदेशचे एक उदाहरण उत्तर देते. अमेरिकेच्या ॲरिझोना, न्यू मेक्सिको भागात नावाहो लोक आहेत. त्यांची भाषा उसने घेण्यात फार कंजूष. नवी वस्तू आली की ते बहुधा आपल्याच धातूंतून शब्द घडवतात. त्यांचे क्रियापद तर असे की, दोरीसारखी लांब वस्तू द्यायची की चेंडूसारखी गोल, यावर ‘देणे’ बदलते. शाळांतून ही भाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे. आणि १९४२ साली त्याच अमेरिकेच्या सैन्याने तिच्यावर गुप्त लिपी रचली. पहिली तुकडी एकोणतीस नावाहो जवानांची होती. ती लिपी शत्रूला शेवटपर्यंत उलगडली नाही.

आता तुलना करा. फारसीने हजारो अरबी शब्द पोटात घातले. ती आज इराण, अफगाणिस्तान, ताजिकिस्तान येथे कोट्यवधी लोक बोलतात. नावाहोने फारसे काही घेतले नाही; तिचे बोलणारे लाखाहून अधिक असूनही आज अनेक घरांतली मुले इंग्रजीच बोलतात. म्हणजे भाषा जगते की मरते हे उसन्या शब्दांवर ठरत नाही. आई मुलाशी कोणत्या भाषेत बोलते, आणि ती बोलताना तिला लाज वाटते की नाही, यावर ते ठरते.

निहाल माणूस कोरकू जाणतो, मराठी किंवा हिंदी जाणतो. बाजारात त्याला निहालीचा उपयोग नाही. दहा हजारांहून कमी लोक बोलतात अशा भाषांची नावे जनगणनेच्या तक्त्यात स्वतंत्रपणे छापली जात नाहीत. कागदावर जिचे नाव नाही, तिची शाळेत आठवण कोण ठेवणार?

तेव्हा त्या भागात शिकवणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना माझी एक विनंती आहे. पहिलीच्या फळ्यावर ‘पाणी’ लिहाल तेव्हा वर्गातल्या निहाल मुलाला विचारा, तुझी आजी याला काय म्हणते? ते ‘जोप्पो’ म्हणाले की तोही शब्द पाण्याच्या शेजारी लिहा. मराठी त्याने उणी होणार नाही. तिने आजवर कितीतरी घरांचे शब्द सांभाळले आहेत. हा तर आपल्या जिल्ह्यातलाच आहे.